हॉटेलात जेवायला जातो, खानावळ लावतो

प्रश्न असा आलाय. घरात वाद चालू आहे, आठवीतली मुलगी म्हणते "आज हॉटेलात जेवायला जाऊ" हे चूक आहे, हॉटेल म्हणजे राहायची जागा, जेवायचं ते रेस्टॉरंट. आजोबा म्हणतात आम्ही जन्मभर हॉटेलच म्हणत आलो, आता काय नवीन काढलंय. तर बरोबर कोण, आणि मग खानावळ नि उपाहारगृह यांचं काय, तीही हॉटेलंच की वेगळी?

माझ्या मते मराठी बोलताना आजोबा शंभर टक्के बरोबर आहेत. मुलगी इंग्रजीबद्दल बरोबर आहे, इंग्रजीच्या पेपरात तिने तसंच लिहावं. पण एखादा शब्द आपल्या भाषेत आला, रुळला, की त्याचा अर्थ आपले बोलणारे ठरवतात, तो जिथून आला तिथले नाही. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणं, मराठीत शिक्षा म्हटलं की छडीच आठवते. चेष्टा म्हणजे हिंदीत प्रयत्न आणि आपल्याकडे थट्टा. तिथे कोणी आपल्याला चूक म्हणत नाही, मग हॉटेललाच वेगळा नियम का?

आणि मूळ अर्थाच्याच मागे लागायचं तर इंग्रजीवाल्यांचीही पंचाईत होते. हॉटेल हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये अजूनही नगरपालिकेच्या इमारतीला ओतेल द व्हील म्हणतात, तिथे ना कोणी झोपतं ना कोणी जेवतं. त्याच्या मागे लॅटिनपर्यंत गेलं तर हॉस्टेल, हॉस्पिटल आणि हॉटेल ही सख्खी भावंडं निघतात, पाहुण्याची सोय करणं हा मूळ धागा. ऑस्ट्रेलियात तर साध्या दारूच्या पबलाही हॉटेल म्हणायची जुनी पद्धत आहे. आणि रेस्टॉरंट? तो शब्द पॅरिसमध्ये अठराव्या शतकात ताकद भरून आणणाऱ्या रश्श्याला, म्हणजे सूपला वापरत होते, मग ते विकणाऱ्या जागेला चिकटला. म्हणजे मुळावर जायचं तर पनीर टिक्का मागवणाऱ्याने रेस्टॉरंट म्हणूच नये!

बरं हे फक्त मराठीतच आहे असंही नाही, कर्नाटकात तमिळनाडूत गेलात तर तिथेही नुसतं जेवण-नाश्ता मिळणाऱ्या जागेवर हॉटेलची पाटी असते, बंगळुरूची मिलिटरी हॉटेलं तर सामिष जेवणासाठीच प्रसिद्ध आहेत, खोली मागितलीत तर तुमच्याकडे बघत राहतील.

आता मराठीने हा शब्द किती आपलासा केलाय ते बघायचं असेल तर त्याला प्रत्यय लावून बघा. घरात, शाळेत, बाजारात तसं हॉटेलात. हॉटेलवाला, हॉटेलं, गावाकडे तर हाटेल. रेस्टॉरंटात असं सहज कोण म्हणतं? रेस्टॉरंटमध्ये म्हणावं लागतं, म्हणजे शब्द अजून दारात चपला घालून उभा आहे. आणि हॉटेलिंग! "या महिन्यात हॉटेलिंग फार झालं" हे वाक्य कुठल्याही मराठी घरात कळतं आणि इंग्रज माणसाला यातलं काही कळणार नाही, कारण इंग्रजीत तो शब्द या अर्थाने नाहीच, तो आपण घडवला. मला हा शब्द मनापासून आवडतो, घरच्यांबरोबर किंवा मित्रांबरोबर बाहेर जाऊन खाणं ही अख्खी गोष्ट एका शब्दात बसवलीये.

गोंधळ होतो का, तर होत नाही, कारण मराठीत क्रियापद काम करतं. हॉटेलात जेवलो, पण महाबळेश्वरला हॉटेलवर उतरलो किंवा लॉजवर उतरलो. उतरलो म्हटलं की राहायचं हे कोणालाही कळतं.

याच्याशी लागून एक मजेदार गोष्ट म्हणजे पाटीवरचं लॉजिंग-बोर्डिंग. बऱ्याच जणांना वाटतं बोर्डिंग म्हणजे राहणं, कारण बोर्डिंग शाळा. पण राहणं ते लॉजिंग, बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय, बोर्ड हा जुन्या इंग्रजीत जेवणाच्या टेबलासाठीचा शब्द. म्हणून माटुंग्याचं रामा नायक यांचं 1942 सालचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग हे नाव अगदी बरोबर आहे, तिथे लोक केळीच्या पानावर जेवायलाच जातात. उलट पुण्यात पूना गेस्ट हाऊस, नावात गेस्ट हाऊस आणि लोक घुसतात ते थालीपीठ खायला! तिथे नाव इंग्रजीच्या हिशेबाने बसतं की नाही याचा विचार कोणीच करत नाही आणि काही अडतही नाही.

उडुपीवरून आठवलं, आपल्याकडे जागेऐवजी माणसाचं नाव घ्यायची पद्धत पण आहे. वाण्याकडे, डॉक्टरकडे जातो तसं इराण्याकडे चहा-बनमस्का, उडप्याकडे इडली. तिथे हॉटेलात म्हणायची गरजच पडत नाही, "चल उडप्याकडे बसू" एवढं पुरतं.

आता खानावळ. हा या प्रश्नातला सगळ्यात श्रीमंत शब्द आहे आणि ती हॉटेल नव्हे, हे ठामपणे सांगतो. शिवणावळ म्हणजे शिवण्याचे पैसे, दळणावळ म्हणजे दळण्याचे, धुणावळ धुण्याचे, घडणावळ म्हणजे सोनार दागिना घडवायचे घेतो ते. त्याच चालीवर खाणावळ, खाण्याचे पैसे, आणि मग पैसे घेऊन जेवू घालणारी जागा. हो, ण वाला खाणावळ. जुन्या लिखाणात असा सापडतो आणि गोव्यात तर आजही खाणावळच म्हणतात. आपल्याकडे ण चा न झाला तो बहुधा दवाखाना-कारखान्यातल्या खाना मुळे किंवा हिंदी खाना मुळे, हा माझा अंदाज, पण आता खानावळ हेच रूढ आहे आणि तेच लिहावं. मात्र आवळ आलं की पैसेच असं समजू नका, जेवणावळीत पंगत उठते ती यजमानाच्या खर्चाने.

या पैशाच्या हिशेबामुळेच क्रियापद वेगळं येतं. हॉटेलात आपण जातो, खानावळ लावतो. पेपर लावतो, दूध लावतो, शिकवणी लावतो, डबा लावतो तशी खानावळ, आणि हल्लीची मुलं मेस लावतात. लावणं म्हणजे रोजचं, महिन्याच्या बोलीवर. म्हणून हॉटेल लावलं असं कोणी म्हणत नाही. आणि लावलं की खाडा आला. पुण्यात सदाशिव पेठेत शिकायला राहिलेल्या कोणालाही ते कार्ड आठवेल, जाड पिवळट पुठ्ठ्याचं, सकाळ-संध्याकाळचे चौकोन छापलेले, काउंटरवरचे काका बॉलपेनने एकेक चौकोन कापणार, आणि मागे शिक्का, आगाऊ कळवल्याशिवाय खाडा मिळणार नाही. खाडा म्हणजे न गेलेला दिवस, तो कामावरचा पण असतो, पण खानावळीत तो धरला जातो, कापला जातो, त्यावरून वाद घातला जातो. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. ही सगळी बोली हॉटेलच्या जगात नाही.

मुंबईच्या गिरणगावात हे अजून मोठं होतं. कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार बायकामुलं गावी ठेवून गाळ्यात दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला एखाद्या बाईंकडे खानावळ लावायचे, पगार झाला की पैसे, तोवर त्या बाई सावकाराकडून व्याजाने पैसे आणून चूल पेटती ठेवायच्या. या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. खानावळ हा शब्द म्हणताना मला या बायका आधी दिसतात, म्हणून तिला सरसकट हॉटेल म्हटलेलं मला पटत नाही.

अर्थात शब्द पुढे सरकतोय. कोल्हापूर, सोलापूर, मालवणकडे खानावळीची पाटी बघून लोक सहकुटुंब गाडी थांबवतात, मटणाचं ताट किंवा सुरमई थाळी, महिन्याची बोली वगैरे काही नाही. तिथे खानावळ म्हणजे घरगुती चवीचं जेवण एवढाच अर्थ उरलाय आणि तोही बरोबरच धरायचा. तरी फरक एक आहे, खानावळीत मेन्यूकार्ड चाळत बसत नाहीत, आज जे शिजलंय ते ताटात येतं. नागपूरला हेच काम सावजी भोजनालय करतं.

राहिलं उपाहारगृह. हा बोलायचा शब्द नाही, पाटीवरचा, सरकारी कँटीनचा आणि एसटी स्टँडवरचा. मित्राला "चल उपाहारगृहात जाऊ" असं कोणी म्हणत नाही. पण लिहायची वेळ आली तर प ला काना द्या. उप अधिक आहार, उपाहार, म्हणजे छोटं खाणं, नाश्ता. उपहार म्हणजे भेटवस्तू, तेव्हा उपहारगृह हे फारतर गिफ्टचं दुकान होईल. लग्नपत्रिकेत, कार्यक्रमाच्या निमंत्रणात अल्पोपहार सर्रास छापलेलं असतं, तेही अल्पोपाहार हवं, अल्प अधिक उपाहार. छापायला देण्याआधी एकदा बघून घेत जा, एका कान्याचाच प्रश्न आहे.