फोल्डर ग्रुपचा, फाइल मात्र एकट्याची

प्रश्न: आमच्या लिनक्स सर्व्हरवर सात जण आपापल्या लॉगिनने येतात आणि '/एसआरव्ही/अंक' या फोल्डरमध्ये मजकूर ठेवतात. सगळे 'संपादक' ग्रुपमध्ये आहेत. तरी एकाची फाइल दुसऱ्याला नुसती वाचता येते, सेव्ह होत नाही. दर सोमवारी सगळ्यावर 'सीएचमॉड -आर ७७७' चालवतो. मंगळवारी पुन्हा तेच. (सांगली)

उत्तर: मंगळवारी पुन्हा तेच होणार, कारण सीएचमॉड (पर्मिशन बदलणारी आज्ञा) फक्त आज असलेल्या फाइलींवर चालतो. नव्या फाइलीचा ग्रुप आणि तिच्या पर्मिशन ती तयार होतानाच ठरतात. बहुतेक डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये) प्रत्येक यूझरला स्वतःच्याच नावाचा एक ग्रुप मिळतो आणि त्याची फाइल त्या ग्रुपच्या खात्यात जाते. 'संपादक'शी तिचा संबंधच येत नाही. त्यात टर्मिनलवर 'यूमास्क' (नव्या फाइलीतून कोणत्या पर्मिशन वगळायच्या ते ठरवणारा आकडा) टाइप केल्यावर ००२२ दिसत असेल, तर फाइल ६४४ होते (आकडे क्रमाने मालक, ग्रुप आणि इतरांचे; वाचन ४, लेखन २, चालवणं १ यांची बेरीज), म्हणजे ग्रुपला लिहिता येत नाही. दुखणी दोन आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

आधी ग्रुप बदला ('सुडो' म्हणजे आज्ञा अ‍ॅडमिनच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालवणं): 'सुडो सीएचग्रुप -आर संपादक /एसआरव्ही/अंक'. मग फक्त डिरेक्टऱ्यांना २७७० द्या: 'सुडो फाइंड /एसआरव्ही/अंक -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७० {} +'. सुरुवातीचा २ म्हणजे सेटजीआयडी नावाचा बिट. तो असला की आत तयार होणारी प्रत्येक फाइल डिरेक्टरीचाच ग्रुप घेते, आणि नव्या उपडिरेक्टरीलाही तोच बिट लागतो. 'एलएस -एलडी' करून पाहा: ग्रुपच्या तीन अक्षरांत शेवटी एक्सच्या जागी लहान लिपीतला एस हवा. तो कॅपिटल दिसला तर ग्रुपला आत शिरायचीच परवानगी राहिलेली नाही. (हा बिट कधी काढायचा झाला तर नुसतं ७७० देऊन जात नाही. जीएनयूचा सीएचमॉड डिरेक्टरीवरचा सेटजीआयडी राखून ठेवतो. 'जी-एस' असं लिहावं लागतं.)

फाइलींसाठी पुष्कळ जण 'जी+आरडब्ल्यूएक्स' सुचवतात, त्यातला एक्स कॅपिटल. एरवी युक्ती चांगली आहे, कारण तो एक्स डिरेक्टरीला आणि आधीच एक्झिक्यूटेबल (प्रोग्रॅमसारखी चालवता येणारी) असलेल्या फाइलीलाच लागतो. पण तुमच्याकडे दर सोमवारच्या ७७७ ने प्रत्येक लेख एक्झिक्यूटेबल होऊन बसलाय, आणि ही युक्ती ते तसंच ठेवील. म्हणून सरळ 'फाइंड'मध्ये '-टाइप एफ' घेऊन ६६० द्या, आणि खऱ्याखुऱ्या स्क्रिप्ट असतील त्यांना वेगळं ७७०.

आता दुसरं दुखणं. सगळ्यांचा यूमास्क ००२ करता येतो, पण सातांपैकी एकाच्या सेटिंगमध्ये राहून गेलं की पुन्हा तक्रार. त्यापेक्षा फोल्डरलाच डीफॉल्ट एसीएल (आत होणाऱ्या नव्या फाइलींना लागू पडणारी पर्मिशनची यादी) लावा. 'एसीएल' पॅकेज नसेल तर आधी टाका, मग वरच्याच 'फाइंड'मध्ये सीएचमॉडच्या जागी 'सेटएफएसीएल -डी -एम जी::आरडब्ल्यूएक्स,ओ::---' लिहा. इथे सगळी अक्षरं लहान. डीफॉल्ट एसीएल असलेल्या डिरेक्टरीत यूमास्क विचारात घेतलाच जात नाही. शेवटी एका लॉगिनने फाइल करा आणि दुसऱ्याने तिच्यात एक ओळ घाला. रूट म्हणून केलेली चाचणी काहीच सिद्ध करत नाही.

प्रश्न: हे सगळं केलंय. तरी घरच्या फोल्डरमधून आणलेल्या फाइली अडतात. (पणजी)

उत्तर: 'एमव्ही'ने आणल्या असतील तर अडणारच. एकाच फाइलसिस्टिमवर एमव्ही फक्त नाव बदलतो. नवी फाइल तयारच होत नाही, मग सेटजीआयडी कशावर चालणार? वेगळ्या डिस्कवरून आणली तरी एमव्ही जुना मालक, ग्रुप आणि पर्मिशन जपायचा प्रयत्न करतो. 'सीपी'ने ग्रुप बरोबर येतो, पण अर्धंच काम होतं: मूळ फाइल ६४४ असेल तर सीपी नवी फाइल मागताना तेवढंच मागतो, आणि डीफॉल्ट एसीएल मागितल्यापेक्षा जास्त देत नाही. ग्रुपला पुन्हा फक्त वाचन. 'इन्स्टॉल -एम ६६० लेख.ओडीटी /एसआरव्ही/अंक/' हा सोपा मार्ग. मूळ फाइल मग हाताने काढा.

प्रश्न: नव्या सहकाऱ्याला 'यूझरमॉड'ने ग्रुपमध्ये घातलं. त्याला शिरता येत नाहीच, वर त्याचा सुडोही गेला. (नागपूर)

उत्तर: कॅपिटल जी एकटाच दिलात. त्याचा अर्थ 'एवढेच ग्रुप ठेव, बाकीचे काढ'. त्यासोबत लहान ए हवा होता. 'जीपासडब्ल्यूडी -ए नाव संपादक' वापरलंत तर ही चूक होतच नाही. आता सुडो ग्रुप त्याला पुन्हा द्या. शिरता येत नाही ते मात्र वेगळ्या कारणाने: ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी एकदाच वाचली जाते. त्याला 'आयडी' चालवायला सांगा, मग 'आयडी' पुढे स्वतःचं नाव लिहून. पहिल्यात चालू सेशनचे ग्रुप दिसतात, दुसऱ्यात सिस्टिमच्या नोंदीतले. दोन्हींत फरक असेल तर लॉगआउट करून परत यायचं. टीमक्स (लॉगआउटनंतरही टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्रॅम) चालू ठेवलं असेल तर त्यातल्या खिडक्या जुन्याच ग्रुपवर राहतात, तेही बंद करा.

प्रश्न: कोणीही कोणाचीही फाइल उडवू शकतं. फाइल ४४० केली तरी. (ठाणे)

उत्तर: फाइल काढणं म्हणजे डिरेक्टरीच्या यादीतून नाव खोडणं, तिथे फाइलीची पर्मिशन विचारली जात नाही. डिरेक्टरी ३७७० करा. सुरुवातीचा ३ म्हणजे सेटजीआयडीचा २ अधिक १, आणि हा १ म्हणजे स्टिकी बिट, '/टीएमपी'वर असतो तोच. मग फाइल काढणं किंवा तिचं नाव बदलणं फाइलीचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि रूट एवढ्यांनाच जमतं. फक्त एक अडचण: काही एडिटर सेव्ह करताना नवी फाइल लिहून ती जुनीच्या जागी बसवतात. दुसऱ्याच्या फाइलीवर तेही अडेल. जिथे सगळे सगळ्यांचे लेख दुरुस्त करतात तिथे स्टिकी बिट लावू नका, रोजचा बॅकअप ठेवा.