एआय कॅमेऱ्याचं १४ लाखांचं कोटेशन आलंय. लहान कारखान्याने नवं तंत्रज्ञान कसं पारखावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोसरीत दहा-बारा सीएनसी-व्हीएमसीचं (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कटिंग मशीनांचं) वर्कशॉप, कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशीनिंग करून एका मोठ्या ऑटो कंपनीच्या पुरवठादाराला माल जातो. विक्रेत्याने एआय कॅमेरा तपासणीचं १४ लाखांचं कोटेशन दिलंय, वर वर्षाला दीड लाख मेंटेनन्स. दोन चेकर (माल तपासणारे कामगार) कमी होतील, तीन वर्षांत पैसे वसूल, असं त्याचं म्हणणं. शिवाय मशीनला सेन्सर लावून घ्या म्हणतोय. मोठ्या कंपन्या अशा गोष्टी कशा पारखतात आणि आपण कसं ठरवायचं?

आधी सांगून टाकतो, मी याच धंद्यातला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या लहान कारखान्यांत अशाच सिस्टिम बसवून देतो. त्यामुळे माझा सल्ला वाचताना तेवढं ध्यानात असू द्या.

कोटेशन जरा बाजूला ठेवा आणि अकाउंट्सवाल्याकडून गेल्या वर्षाची डेबिट नोटांची फाइल मागवा. कस्टमरने किती रुपये कापले आणि प्रत्येक वेळी तक्रार काय होती, हे एका कागदावर लिहून काढा. एआयचा विचार तिथून सुरू होतो, ब्रोशरपासून नाही.

का, ते सांगतो. समजा त्या यादीत बोअर (आतलं गोल भोक) दहा-पंधरा मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान निघाल्याच्या तक्रारी जास्त आहेत. तुम्हाला दाखवलेला कॅमेरा पृष्ठभागावरचे दोष शोधणारा आहे, तो यात काहीच करणार नाही. त्याला एअर गेज (हवेच्या साहाय्याने भोकाचं माप घेणारं साधन) लागतो, आणि इन्सर्ट (टूलची कापणारी धार) कधी बदलायचा याची शिस्त. समजा एखादं भोक मारायचंच राहून गेलं अशी तक्रार आहे. पुढच्या ऑपरेशनच्या फिक्स्चरमध्ये (जॉब, म्हणजे मशीनवरचा भाग, पकडून ठेवणाऱ्या साच्यात) एक पिन बसवली तर भोक नसलेला जॉब बसणारच नाही. काही शे रुपयांचं काम, तुमचा टूलरूमवाला गुरुवारच्या सुट्टीत करून देईल. उरले ब्लो होल (ओतकामात राहिलेली हवेची छिद्रं), डेंट (पोचे), बर (कडेला राहिलेली धारदार कुसळं). हे मात्र खरंच कॅमेऱ्याचं क्षेत्र आहे. म्हणजे १४ लाखांचा हिशोब करायचा तो फक्त या शेवटच्या गटाच्या रुपयांवर.

आता विक्रेत्याचं गणित बघू. दोन चेकर, प्रत्येकी महिना २० हजार धरले, तर वर्षाचे ४ लाख ८० हजार. दीड लाख मेंटेनन्स वजा केला की ३ लाख ३० हजार वाचतात. या हिशोबानेसुद्धा तीन वर्षं होत नाहीत, सव्वाचार होतात. आणि यात लाल ट्रे, म्हणजे कॅमेऱ्याने खराब ठरवलेल्या जॉबचा ट्रे, धरलेलाच नाही.

समजा रोज ३००० जॉब निघतात आणि खरोखर खराब असतात ०.२ टक्के, म्हणजे ६. कॅमेरा चांगला आहे, ते सहाही पकडतो. पण चांगल्या जॉबपैकी २ टक्के जॉबना तो चुकून खराब म्हणतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण हे झाले ६० जॉब. संध्याकाळी लाल ट्रेमध्ये ६६ जॉब, त्यातले ६० चांगले. ते फेकून देता येत नाहीत, म्हणजे माणसाने परत बघायचेच. एक चेकर तिथे अडकला. आता वाचतो एकाचाच पगार, २ लाख ४० हजार, वजा दीड लाख, उरले ९० हजार. या दराने १४ लाख फिटायला साडेपंधरा वर्षं! आणि खरा धोका वेगळाच आहे. दहातले नऊ जॉब चांगलेच निघतात हे आठवड्याभरात त्या चेकरच्या लक्षात येतं, मग तो ट्रे न बघताच पास करायला लागतो. त्याला दोष देऊ नका, कोणीही तेच करेल.

डेबिटची बाजू मात्र हे गणित उलटवू शकते. खराब जॉब कस्टमरच्या लाइनवर सापडला की त्याच्या गोडाऊनमधला सगळा लॉट बाहेरच्या एजन्सीकडून सॉर्ट करून घ्यायचा, तिचं बिल आपल्या माथी. समजा दिसणाऱ्या दोषांपायी वर्षाला ६ लाख गेले आणि कॅमेऱ्याने त्यातले निम्मे वाचवले. मग ९० हजार अधिक ३ लाख, म्हणजे साडेतीन वर्षांच्या आसपास परतफेड. हे विचार करण्याजोगं आहे. म्हणून म्हणतो, फाइल आधी. आकडे मी धरलेले आहेत, तुमचे घाला.

मोठ्या कंपन्यांबद्दल विचारलंत. त्यांच्याकडे पद्धती भरपूर आहेत. नासाने सुरू केलेली १ ते ९ ची तयारीची पातळी आहे, म्हणजे कल्पना कागदावर आहे की प्रत्यक्ष मोहिमेत सिद्ध झाली आहे ते मोजायचं. गार्टनर या सल्लागार कंपनीचा १९९५ पासूनचा हाइप सायकल नावाचा आलेख आहे, आधी आशेचं शिखर, मग निराशेची दरी, मग हळूहळू उपयोग. पहिली पद्धत कामाची आहे. दुसरी बोर्डाच्या मीटिंगमध्ये बरी दिसते, पण दरीत गेलेलं प्रत्येक तंत्रज्ञान वर येतंच असं नाही, आणि तुमच्या शेडमध्ये काय होईल हे तो आलेख सांगत नाही.

आणि इतकं सगळं असूनही मोठे लोक आपटतातच. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएमने २०१८ मध्ये जहाजी मालाच्या कागदपत्रांसाठी ट्रेडलेन्स नावाचा ब्लॉकचेन (अनेकांत वाटलेली, गुपचूप बदलता न येणारी डिजिटल नोंदवही) प्लॅटफॉर्म आणला. एमएससी, सीएमए सीजीएम यांसारख्या स्पर्धक कंपन्यासुद्धा त्यात आल्या. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद करत असल्याचं जाहीर झालं, कारण धंदा म्हणून चालायला जगभरच्या सगळ्या घटकांचं जेवढं सहकार्य हवं होतं तेवढं मिळालं नाही. ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजाराने २०१७ मध्ये सेटलमेंटची (सौद्यानंतर शेअर-पैशांची देवाणघेवाण पुरी करण्याची) जुनी यंत्रणा काढून ब्लॉकचेनवर जायचं ठरवलं आणि त्याच २०२२ च्या नोव्हेंबरात सुमारे २५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बुडीत धरून काम थांबवलं. ट्रेडलेन्सचं सॉफ्टवेअर चालत होतं, तरी उपयोग झाला नाही. ते चालण्यासाठी ज्या बाहेरच्या लोकांनी आपली रीत बदलायला हवी होती, त्यांना तसं करण्यात पुरेसा फायदा दिसला नाही.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. वस्तू काय करते हे डेमोत कळतं. ती आल्यावर कोणाचं रोजचं काम बदलणार आणि तो ते का बदलेल, हे डेमोत कळत नाही.

विजेचं उदाहरण यासाठी मला फार आवडतं. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र १८८२ मध्ये सुरू झालं. तरी १९०० च्या आसपास अमेरिकन कारखान्यांतल्या यंत्रशक्तीत विजेच्या मोटरींचा वाटा पाच टक्क्यांच्याही खाली होता, आणि निम्म्यापर्यंत जायला आणखी वीसेक वर्षं लागली. आधी वाफेच्या एका इंजिनावर छताखालचा लांब शाफ्ट फिरायचा आणि पट्ट्यांनी सगळी यंत्रं चालायची. मालकांनी इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटर बसवली, शाफ्ट आणि पट्टे तसेच ठेवले. फायदा जेमतेम. खरा फायदा झाला तो प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर आल्यावर. मग यंत्रं शाफ्टच्या रांगेत ठेवण्याची सक्ती संपली, माल जसा पुढे सरकतो त्या क्रमाने ती मांडता आली, इमारतीही एकमजली आणि मोकळ्या बांधता आल्या. पॉल डेव्हिड या अर्थतज्ज्ञाने १९९० मध्ये यावर निबंध लिहिला, कारण तेव्हा लोक विचारत होते की कॉम्प्युटर सगळीकडे दिसतो, मग उत्पादकता का वाढत नाही. आज एआयबद्दल हाच प्रश्न विचारला जातोय.

आता तुमच्या मशीन सेन्सरकडे येतो, कारण तिथे हेच लहान प्रमाणात घडतं. मशीनच्या केबलवर करंट मोजणारा क्लॅम्प लावायचा, मशीन चालू की बंद ते टीव्हीवर हिरवं-लाल दिसतं. खर्च फारसा नाही. जुन्या कंट्रोलरला नेटवर्क पोर्ट नसला तरी चालतं. पण मालकाने त्या टीव्हीचा उपयोग ऑपरेटरला झापायला केला, की काही दिवसांत सगळी मशीनं हिरवी होतात आणि माल तेवढाच निघतो. काही न कापता स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) हवेत फिरत असतो! हे मी एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलंय. करंटच्या पातळीवरून कटिंग आणि मोकळं फिरणं वेगळं ओळखता येतं, पण मग ऑपरेटर दुसरी युक्ती काढतो. ही शर्यत मालक जिंकत नाही.

एका शेडमध्ये उलट झालं. तिथल्या सुपरवायझरने मशीनजवळ चार बटणं लावून घेतली: मटेरियल नाही, टूल नाही, मशीन बिघाड, आणि फर्स्ट पीसची (नव्या सेटिंगनंतरचा पहिला जॉब पास होण्याची) वाट. पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं की बटण दाबल्याबद्दल कोणाला विचारणार नाही, नाही दाबलं तर विचारेन. दोन महिन्यांत दिसलं की सगळ्यात जास्त वेळ फर्स्ट पीस अप्रूव्हलसाठी जातो. सेटिंग झालं की सेटर जॉब घेऊन शेडच्या दुसऱ्या टोकाला क्वालिटीच्या खोलीत जायचा आणि तिथे रांगेत उभा राहायचा. उपाय काय केला? हाइट गेज आणि सरफेस प्लेटचं टेबल मशीनच्या रांगेत आणून ठेवलं आणि दोन सेटरना मोजमाप करून सही करायचा अधिकार दिला. सेन्सरने फक्त कुठे बघायचं ते सांगितलं.

उशिरा घेतलं तर मागे पडू का, ही भीती तुमच्या प्रश्नात दिसते. प्रत्येक वेळी नाही. जीएसटीचं ई-इनव्हॉइस बघा. ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींवरच्या उलाढालीला सक्तीचं झालं, मग १००, ५०, २०, १० असं उतरत ऑगस्ट २०२३ मध्ये ५ कोटींवर आलं. पहिल्यांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं जोडून घेण्यासाठी कन्सल्टंट बसवावे लागले. आपल्यासारख्यांची पाळी येईपर्यंत ते नेहमीच्या अकाउंटिंग पॅकेजमध्येच आलं होतं. कायदा किंवा कस्टमरचं पोर्टल सक्ती करतं तिथे पारखण्यात वेळ घालवूच नका, स्वस्तात नीट कसं होईल तेवढं बघा. जिथे सक्ती नाही तिथे थांबणं हासुद्धा एक निर्णय आहे, फक्त थांबण्याच्या काळात काहीतरी तयारी चालू हवी.

तुमच्या बाबतीत ती तयारी म्हणजे रिजेक्शनचे जॉब. आजपासून प्रत्येक खराब जॉबवर दोषाचं नाव, तारीख आणि मशीन नंबर लिहून एका रॅकवर ठेवा, स्क्रॅपमध्ये टाकू नका. कॅमेऱ्याला शिकवायला दोष असलेले नमुने लागतात आणि चांगल्या शॉपकडे तेच नसतात. काही दोष तर वर्षातून एकदाच दिसतात. हे नमुने सहा महिने साठले की कोणत्याही विक्रेत्यासमोर तुमची बाजू भक्कम.

डेमोही त्यांच्या ऑफिसात नको, तुमच्या शेडमध्ये, तुमच्या जॉबवर. दुसऱ्या शिफ्टचे, कूलंट लागलेले, कडेला चिपा चिकटलेले ५०० जॉब द्या, त्यात माहीत असलेले खराब ३० मिसळा आणि दिसायला खराब पण ड्रॉइंगप्रमाणे पास असलेलेही तेवढेच मिसळा. मशीनिंग केलेला पृष्ठभाग चकाकतो, कास्टिंगचा भाग काळपट असतो, तेलाचा थर डागासारखा दिसतो. म्हणून यात निम्मी लढाई लाइटिंगची आणि जॉब धुण्याची असते. विक्रेता म्हणाला की जॉब धुऊन, पुसूनच द्या, तर वॉशिंग मशीन आणि ते चालवणारा माणूस त्या १४ लाखांत मिळवा.

करारात दोन गोष्टी तोंडी ठेवू नका. नवीन पार्ट आला किंवा कास्टिंगचा सप्लायर बदलला की कॅमेऱ्याला परत शिकवायचे पैसे किती आणि ते काम तुमचा माणूस करू शकतो का. आणि सिस्टिम बंद केली तर साठलेले फोटो, डेटा तुमच्याकडे साध्या फाइलमध्ये मिळणार का.

तुम्ही ओघात चॅटजीपीटीबद्दलही विचारलंत. इन्क्वायरीच्या मेलला उत्तर लिहिणं, वर्क इन्स्ट्रक्शन मराठी-हिंदीत करणं यासाठी बिनधास्त वापरा. कस्टमरचं ड्रॉइंग मात्र त्याच्या लेखी परवानगीशिवाय फुकटच्या टूलमध्ये टाकू नका, तुम्ही गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असणार. आणि ड्रॉइंग वाचून कोटेशन काढायला लावलंत तर प्रत्येक टॉलरन्स (मापात चालणारा फरक) स्वतः तपासा. ०.०२ चं ०.२ वाचलं गेलं तर ऑर्डर मिळेल, पण तोट्यात.

माझं मत विचाराल तर आत्ता १४ लाखांची पीओ (खरेदीची ऑर्डर) काढू नका. सगळ्यात जास्त डेबिट देणाऱ्या एकाच पार्टवर तीन महिने भाड्याने लावायला सांगा. सुरुवातीला चेकरही कमी करू नका, कॅमेरा आणि चेकर दोघांचा निकाल रोज शेजारी-शेजारी लिहा. भाड्याला तयार नसलेल्या विक्रेत्याला नम्रपणे चहा पाजून निरोप द्यावा. आणि ती डेबिट नोटांची यादी झाली की कंपनीचं नाव न देता तक्रारींचे प्रकार आणि रकमा इथे टाका. त्यातलं एअर गेजचं किती, पिनचं किती आणि कॅमेऱ्याचं किती, ते बघून सांगतो.