तिसरा आऊट झाला, तरी रन मोजला?

प्रश्न : माझा नातू आठवीत आहे, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधे, खेळतो. गेल्या महिन्यात चिमणबागेत त्यांचा सामना बघायला गेलो होतो. पाचवी इनिंग, समोरच्यांचा एक आऊट, पहिल्या आणि तिसऱ्या बेसवर त्यांचे रनर. बॅटरने सणसणीत बॉल मारला, तो आमच्या नातवाने हवेतच पकडला. दोन आऊट. दोन्ही रनर तोवर सुसाट निघालेले. नातवाने बॉल पहिल्या बेसकडे फेकला. थ्रो जरा बाहेर गेला, पण तिथल्या मुलाने सावरून बेसवर पाय ठेवला. तीन आऊट! पोरं नाचत बाहेर आली. आणि अंपायर स्कोररला म्हणाले, एक रन लिहा. तिसऱ्या बेसवरचा मुलगा म्हणे आधीच होम प्लेटला, म्हणजे बॅटर उभा असतो तिथे, पोचला होता. आम्ही ५-४ ने हरलो. मी आयुष्यभर क्रिकेट बघत आलोय, आमच्या वडिलांनी तर कर्नल नायडूंना खेळताना पाहिलेलं. कॅच झाल्यावर रन, हा कुठला न्याय? आणि तो मुलगा बेसवर परत न जाता पळाला, हे अंपायरना दिसत होतं, तर त्यांनी आमच्या मुलांना सांगायला नको होतं का?
– एक आजोबा, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : काका, अंपायर बरोबर होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

तुमचा घोटाळा नायडूसाहेबांच्या खेळामुळे झालाय. क्रिकेटमध्ये झेल घेतला की त्या चेंडूवर पळालेले रन गेले. पण रनआऊट आठवा. दोन रन पूर्ण करून तिसऱ्याला बाद झालात, तर आधीचे दोन मिळतातच ना? तुमच्या नातवाने घेतलेल्या कॅचने फक्त बॅटर बाद झाला, तो दुसरा आऊट. तिसरा आऊट पहिल्या बेसवर झाला, आणि त्याची जात रनआऊटची. त्याच्या आधी जे होम प्लेटला पोचलं, ते पोचलं.

आता स्वयंपाकघरातून चार वाट्या आणा आणि जेवणाच्या टेबलावर चौकोनात मांडा. पहिल्या आणि तिसऱ्या वाटीत एकेक शेंगदाणा ठेवा. शाळेत मी हे असंच शिकवायचे. (फरक एवढाच की पोरं मधेच रनर खाऊन टाकायची.) बॅटरने जमिनीवरून मारलं, तर त्याला पहिल्या वाटीत जागा हवी, म्हणून तिथल्या दाण्याला पुढे सरकावंच लागतं. टेम्पोत मागून माणूस चढला की आपण सरकतो तसं. अशा सक्तीने सरकणाऱ्याला बाद केलं तर तो फोर्स आऊट. तिसरा आऊट फोर्सचा असेल, किंवा बॅटर स्वतः पहिल्या बेसला पोचायच्या आत बाद झाला असेल, तर होम प्लेटला कोणी कितीही आधी पोचो, रन नाही. नियम ५.०८ मध्ये हे स्पष्ट आहे.

पण बॉल हवेत पकडला की बॅटर संपला. मागून चढणारं कोणी उरलं नाही. मग पहिल्या वाटीतल्या दाण्याला पुढे जायची सक्ती कसली? उलट त्याने परत यायला हवं होतं. तो आला नाही म्हणून बाद झाला. हा फोर्स आऊट नव्हेच. बघायला अगदी तसाच दिसतो, बेसवर पाय आणि हातात बॉल, आणि म्हणूनच सगळे फसतात. इथे अंपायरला एवढंच बघायचं असतं, की होम प्लेटवर पाय आधी लागला की तिकडे आऊट आधी झाला.

‘पण तिसऱ्या बेसवाला पोरगाही परत गेला नव्हता!’ बरोबर. तोही बाद होऊ शकत होता, पण मागितलं तर. तुमच्या मुलांनी बॉल तिसऱ्या बेसवर नेऊन अंपायरला सांगायचं होतं, हा लवकर सुटला. तीन आऊट झालेले असतानाही हे चालतं. त्याला चौथा आऊट म्हणतात. बचाव करणाऱ्या टीमला मग तिसऱ्याच्या जागी हा आऊट घेता येतो, आणि रन पुसला जातो. मुदत मात्र आखलेली आहे. पिचर (बॉल टाकणारा) आणि सगळे इनफिल्डर (बेसजवळचे फील्डर) बाकाकडे जाताना फेअर हद्दीबाहेर, म्हणजे बाजूच्या दोन रेषांच्या बाहेर, पडले, की संपलं. तुमची पोरं नाचत बाहेर आली, तिथेच रन पक्का झाला.

नातवाला सांगा, मोठेही यात सापडलेत. १२ एप्रिल २००९, अमेरिकेत डॉजर्स विरुद्ध डायमंडबॅक्स. एक आऊट, तिसऱ्या बेसवर आंद्रे इथियर, दुसऱ्यावर हुआन पिएर. रँडी वुल्फने मारलेला बॉल पिचर डॅन हॅरनने हवेत पकडला आणि दुसऱ्या बेसकडे फेकला. फेलिपे लोपेझने नुसता बेसवर पाय ठेवला असता तरी भागलं असतं. तो पिएरच्या मागे धावला आणि त्याला बॉल लावून बाद केलं. तेवढ्या वेळात इथियर होम प्लेट ओलांडून गेला. डायमंडबॅक्स मैदानाबाहेर गेले, मग डॉजर्सनी अंपायरकडे तो रन मागितला, आणि मिळवला.

त्याहून मजेची गोष्ट जपानची. २०१२ च्या ऑगस्टमध्ये कोशिएनच्या शालेय स्पर्धेत सेइसेइको विरुद्ध नारुतो सामन्यात हुबेहूब तुमच्यासारखा प्रसंग आला. पहिला-तिसरा बेस, शॉर्टस्टॉपचा कॅच, पहिल्या बेसकडे थ्रो. सेइसेइकोच्या रनरने मात्र मुद्दाम धाव घेतली होती. हा नियम त्या मुलांना एका गाजलेल्या बेसबॉल चित्रकथेतून ठाऊक होता!

मला तो ठाऊक नव्हता. १९९८ साली शाळांच्या एका सामन्यात मी होम प्लेटमागे अंपायर होते. असाच कॅच, असाच थ्रो. मी ऐटीत हात वर करून ‘तीन आऊट, रन नाही’ म्हणाले. दुसऱ्या टीमचे सर शांतपणे जवळ आले. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एवढंच विचारलं, “मॅडम, पोरगा आधी पोचला की आऊट आधी झाला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझी सगळी नजर पहिल्या बेसवर होती, प्लेट मी पाहिलीच नव्हती. त्या सरांच्या पोरांचा एक रन मी खाल्ला, तो आजही माझ्या खात्यावर आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, अंपायरने सांगायला नको का? नाही, काका. लवकर सुटलेल्या रनरबद्दल अंपायरने आपणहून तोंड उघडायचं नसतं. अपील आलं तर निकाल द्यायचा, नाही आलं तर काही बघितलंच नाही असं उभं राहायचं. एकतीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून पोरांना उत्तरं सांगितलेल्या बाईला हे किती जड जातं, विचारू नका.

एकदा मुलींच्या सामन्यात पुन्हा हाच प्रसंग आला. या वेळी मी प्लेट नीट पाहिली होती, रन आधी झाला होता. मुली हसत-खिदळत पाण्याच्या माठाकडे पळाल्या. फक्त शॉर्टस्टॉपची मुलगी रेषेच्या आतच बुटाची लेस बांधायला बसली. बॉल तिच्या गुडघ्याशी पडलेला, तिसरा बेस जेमतेम दहा पावलांवर. तिने लेस सोडली, पुन्हा ओढली, दोन गाठी मारल्या. मी मास्क हातात घेऊन गप्प उभी. ती उठली, हाफपँटची धूळ झटकली, बॉल पिचरच्या जागेकडे लोटून दिला आणि मैत्रिणींमागे पळाली. तिने रेष ओलांडली तेव्हा मी स्कोररकडे वळून एक बोट वर केलं.