सेन्सर म्हणते कोरडं, माती तं ओली

प्रश्न : भाऊ, वरुडकडं आमची संत्र्याची बाग आहे. ओलाव्याचा सेन्सर बसवला, मोबाईलवर आकडा येते, पण या मे महिन्यात पाणी देऊन दोन दिवस नाही झाले तं कोरडंच दाखवून राहिला. मशीन खराब आहे का?

उत्तर : दादा, मशीन नाही, बहुतेक आपली काळी जमीन. उन्हाळ्यात ती भेगाळते, भेग नेमकी सेन्सरच्या दांड्याजवळून गेली की माती सुटते, मधात हवा शिरते आणि तो हवेलाच कोरडी माती समजते. सब्बलनं भोक पाडून तसाच खोचला असंल तं हेच होणार. काढा, तिथलीच माती चाळून पाण्यात कालवा, तो गारा भोकात ओता अन् मग दांडा दाबून बसवा. झाडाच्या घेराच्या आत, 20-30 सेंटीमीटर खोल, ड्रिपरच्या अगदी खाली नको. आणि कृपा करून त्या आकड्यावर मोटर आपोआप चालू-बंद करणं सध्या ठेवू नका, आधी आठ दिवस त्याच खोलीची माती मुठीत दाबून पाहा, गोळा होते की फुटते, ते मोबाईलशी ताडा. चुकीच्या आकड्यापायी पाणी तुटलं तं आंबियाची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या बहाराची, फळं गळतील. विहीर तळाला गेली असंल तं स्टार्टरमधे ड्राय रन प्रोटेक्शन, म्हणजे पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारी सोय, आहे का, तेवढं आजच पाहा.