शेंद्रीच्या बिया दळू नका, तेलात रंग उतरवा

आपण विचारले आहे की, शेंद्रीच्या वाळलेल्या बिया मिक्सरमधून काढून घातल्या तरी भाताला रंग का चढला नाही, आणि खिरीत त्या केशराऐवजी चालतील का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बीच्या रचनेतच आहे. झाडावरचे काटेरी बोंड पिकून तडकले की आतली एक बी बोटांत चुरडून पाहा. बोटे शेंदरी होतात, बी मात्र टणकच राहते, कारण सारा रंग तिच्यावरच्या पातळ थरात असतो. त्यातील बिक्सिन हे मुख्य रंगद्रव्य तेलात उतरते, साध्या पाण्यात जवळजवळ नाही. म्हणून भाताच्या आधणात पूड टाकली की दाताखाली कचकच येते आणि रंग चोथ्यातच राहतो.

अर्धी वाटी तेलात दोन चमचे अख्ख्या बिया घालून अगदी मंद आचेवर ठेवाव्यात. बियांभोवती बारीक बुडबुडे येऊन तेल गडद नारिंगी दिसू लागले की लगेच उतरवून गाळावे. तेवढ्यावर थांबणे फार महत्त्वाचे, कारण तेल धुरावले तर रंग तपकिरी पडतो आणि कडवटपणा येतो. हे तेल अंधारात ठेवावे, उजेडाने ते फिके पडते.

मेक्सिकोतील युकातान भागात बिया दळतात, हे खरे. तेथे या बियांना आचिओते म्हणतात आणि त्या मिरी, ओरेगानो, लसूण व आंबट संत्र्याच्या रसाबरोबर वाटून ‘रेकादो रोहो’ हे लाल वाटण करतात. कोचिनिता पिबिल या तिथल्या मांसाच्या पदार्थासाठी ते डुकराच्या मांसाला चोळून, मांस केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत शिजवतात. तेथे रंग उतरवण्याचे काम मांसाची चरबी करते. चीजसाठी मात्र हाच रंग अल्कली मिसळलेल्या पाण्यात काढतात. त्यात बिक्सिनचे नॉरबिक्सिन होते, ते पाण्यात विरघळते आणि दुधातील प्रथिनांना धरून राहते. लोण्याच्या किंवा चीजच्या वेष्टनावर ‘160बी’ हा आकडा दिसला, तर तो याच बियांचा रंग समजावा.

खिरीत तुपात उतरवलेला रंग थेंबभर घालता येईल. त्याने छटा येईल, केशराचा सुगंध येणार नाही. शेंद्रीची स्वतःची चव सौम्य, मातकट आणि किंचित मिरीसारखी असते. त्यामुळे ती केशर म्हणून कोणाला वाढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी स्वतः ती पुलावात आणि माशाच्या रश्शातच वापरते. आणि बिया घेताना विटेसारख्या लाल पाहूनच घ्याव्यात. तपकिरी पडलेल्या जुन्या बिया तेलातही फारसा रंग सोडत नाहीत.