फांदी गाडीवर पडली तर भरायचं कोणी? – वाचकांचे प्रश्न

पावसाळा जवळ आला की पालिका सोसायट्यांना झाडं छाटून घ्या म्हणून सांगायला लागते आणि आमच्याकडे पत्रांचा ढीग पडतो. यावेळी बहुतेक पत्रं छाटणीचा स्वतःचा धंदा करणाऱ्यांची आहेत, म्हणून अख्खं सदर त्यांनाच देऊन टाकलंय.

प्रश्न: सोसायटीतल्या गुलमोहराची फांदी उतरवताना दोर सरकला आणि खालच्या गाडीची मागची काच फुटली, डिकी पण चेपली. मेंबर माझ्याकडे पैसे मागतोय, सेक्रेटरी म्हणतो आमचा संबंध नाही. माझ्या टेम्पोचा फुल इन्शुरन्स आहे, त्यातून निघेल का? – घाटकोपर

उत्तर: नाही निघणार भाऊ. टेम्पोची पॉलिसी टेम्पोमुळे झालेल्या नुकसानाची असते. रिव्हर्स घेताना कुणाचं गेट तोडलंत तर थर्ड पार्टीमधून, म्हणजे समोरच्याच्या नुकसानाच्या भागातून, मालमत्तेचं 7.5 लाखांपर्यंत भरून मिळतं, पण इथे टेम्पो बाजूला उभा होता आणि पडली फांदी, तर टेम्पोच्या कंपनीने का भरावं?

आधी शांतपणे मेंबरला विचारा की त्यांच्या गाडीची पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी आहे का. असेल तर ते स्वतःच्या कंपनीकडे क्लेम करू शकतात, फक्त त्यांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची प्रीमियममधली सूट, जातो म्हणून कुरकुर करतील, तो फरक आणि कंपनी क्लेममधून कापून घेते ती रक्कम तुम्ही देता म्हणालात तर बऱ्याचदा तिथेच मिटतं. त्यांची कंपनी नंतर तुमच्याकडून वसुली करू शकते हे मात्र डोक्यात ठेवा, तो हक्क तिला असतो.

पुढच्यासाठी लायबिलिटी पॉलिसी घ्या, म्हणजे तुमच्या कामामुळे तिऱ्हाईताला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर त्याची. इथे एजंट लोक एक घोळ करतात. तुम्ही पब्लिक लायबिलिटी मागितली की काही जण 1991 च्या कायद्याखालची पॉलिसी पुढे करतात, ती घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, तुमच्या काडीच्या कामाची नाही! तुम्हाला कमर्शियल जनरल लायबिलिटी किंवा बिगर-औद्योगिक पब्लिक लायबिलिटी पाहिजे. फॉर्मवर धंदा म्हणून ‘गार्डनिंग’ असं गोड लिहू नका. ‘उंचावर चढून चेनसॉने (मशीनच्या करवतीने) झाडांची छाटणी’ असंच लिहा, प्रीमियम थोडा वाढेल पण क्लेमच्या दिवशी नुकसान तपासायला आलेला सर्व्हेअर पहिला तोच कागद उघडतो. प्रत्येक घटनेला किती, वर्षाला एकूण किती आणि तुमच्या खिशातून पहिले किती, हे तीन आकडे विचारून घ्या. आणि एकदा पॉलिसी घेतली की कंपनीला कळवायच्या आधी कुणालाही ‘मी सगळं भरून देतो’ असं लिहून देऊ नका, अगदी व्हॉट्सॲपवर पण नाही.

आणखी एक, वॉर्डाच्या उद्यान खात्याची परवानगी सोसायटीने काढली होती ना? मुंबईत 1975 चा झाडांचा कायदा लागू आहे, विनापरवाना छाटणीत काही झालं तर सोसायटी हात वर करते आणि विमा कंपनीला आयतं कारण मिळतं. परवानगीची प्रत हातात पडल्याशिवाय दोर बांधायचा नाही.

प्रश्न: माझ्याकडे पांढऱ्या पाटीची ईको आहे. मागची सीट काढून मशीन, दोर, कधी कधी बारीक फांद्या नेतो. एजंट म्हणतो चालतं. मागच्या महिन्यात काच फोडून आतली चेनसॉ चोरीला गेली, तिचे पण मिळणार नाहीत म्हणे? – चेंबूर

उत्तर: दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेनसॉचे नाहीच मिळणार, कारण गाडीच्या पॉलिसीत गाडी असते, गाडीतलं सामान नसतं. काच फुटली तिचा क्लेम होऊ शकला असता, पण तिथे तुमची दुसरी भानगड निघते. प्रायव्हेट कारच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन ॲज टू यूज’, म्हणजे गाडी कशासाठी वापरायची नाही, म्हणून एक परिच्छेद असतो, एकदा चष्मा लावून वाचाच. त्यात भाड्याने चालवणं आणि मालवाहतूक वगळलेली असते, सॅम्पल आणि स्वतःचं लगेज तेवढं चालतं. आता कमरेचा पट्टा आणि कोयता डिकीत असला तर कोणी काही म्हणणार नाही, पण सीट काढून फांद्या भरल्या की ती मालवाहतूकच. अपघातात समोरच्याला कंपनीने पैसे दिले तरी कोर्टात जाऊन ते तुमच्याकडून वसूल करायला ती मोकळी असते.

रोजचा धंदा असेल तर सरळ पिवळ्या पाटीचा छोटा हत्ती घ्या. एकूण वजन 3000 किलोच्या आत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, फिटनेस मात्र पहिली 8 वर्षं दर दोन वर्षांनी आणि मग दरवर्षी. लायसन्सचं पण बरेच जण विचारतात म्हणून सांगतो, नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलंय की एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसन्सवर 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, वेगळा ट्रान्सपोर्टचा शिक्का नको. आणि फांद्या फाळक्याबाहेर चार हात लोंबतायत आणि टोकाला लाल फडकं बांधलंय, हे अख्ख्या मुंबईत चालतं पण कायद्यात बसत नाही. मोटार वाहन कायद्यात बाहेर आलेल्या मालाला 20,000 रुपये दंड आहे, वर माल उतरवायचा खर्च तुमचाच. खाली उतरवल्यावर अजून दहा मिनिटं घालून तुकडे करा की राव.

मशीनसाठी वेगळी पॉलिसी मिळते, पण ‘गाडीत ठेवलेलं असताना, रात्री’ हे त्यात आहे का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी नसतं. बिल आणि मशीनवरचा सिरियल नंबर यांचा फोटो आजच काढून ठेवा, त्याशिवाय एफआयआरला पण वजन येत नाही.

प्रश्न: चेनसॉ दोन-तीन आठवडे पडून राहिली की चालूच होत नाही, दोरी ओढून खांदा निखळायची पाळी येते. मेकॅनिक दरवेळी कार्ब्युरेटर साफ करून पैसे घेतो. – भांडुप

उत्तर: मेकॅनिक खोटं बोलत नाहीये, पण रोग पेट्रोलमध्ये आहे. आता पंपावर 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यात आपली मुंबईची हवा. टाकीत तसंच राहिलं की पाणी धरून तळाशी वेगळं बसतं आणि कार्ब्युरेटरमधला पातळ रबरी डायफ्राम कडक होतो, मग पेट्रोल वर चढतच नाही. काम संपलं की टाकी रिकामी करा, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, आणि पेट्रोल-ऑइलचं मिश्रण दोन-चार दिवसांपुरतंच बनवा. कॅनमध्ये महिन्याचं करून ठेवलेलं मिश्रण म्हणजे मेकॅनिकचा पगार आहे.

ऑइलचं माप अंदाजे नको. पुस्तिकेत 50:1 दिलं असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40 मिली. बाइकचं फोर-स्ट्रोक ऑइल घालणारे पण पाहिलेत मी, त्यांना काय बोलायचं. तसंच चेनसाठी गॅरेजमधलं जळकं ऑइल वापरू नका, फुकट मिळतं खरं पण त्यातल्या कचऱ्याने ऑइल पंप बसतो आणि बार, म्हणजे चेन फिरते ती पट्टी, तापून निळी पडते.

आणि खाली पडणारा भुसा बघत जा. चेन धारेवर असेल तर जाडसर कीस पडतो, पिठासारखी पावडर पडायला लागली की चेन बोथट, मग तुम्ही जोर लावता, मशीन तापते आणि किकबॅकचा, म्हणजे मशीन उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. कानस चेनच्या मापाचीच, म्हणजे लहान मशीनवरच्या लो-प्रोफाइल 3/8 इंची चेनला 4 मिमी. नागदेवीच्या बाजारात मिळते, मोजून घ्या. नारळाच्या झावळ्यांना मशीन लावूच नका, काथ्या अडकतो, तिथे कोयताच बरा.

प्रश्न: माझे मिस्टर छाटणीची कामं घेतात, रोजावर दोन मुलं असतात, पण वर चढतात ते स्वतःच. बँकेत 20 रुपयांचा विमा काढलाय. तेवढा पुरे का? – मुलुंड

उत्तर: ताई, काढलात ते छानच केलंत, पण पुरे नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विम्यात अपघाती मृत्यूला 2 लाख मिळतात, 18 ते 70 वयापर्यंत, आणि दरवर्षी 1 जूनला नवं वर्ष सुरू होतं तेव्हा खात्यात 20 रुपये असलेच पाहिजेत. या योजनेच्या नियमात झाडावरून पडण्याचा चक्क नाव घेऊन उल्लेख आहे, अशा वेळी तातडीने केलेली हॉस्पिटलची नोंद पुरावा म्हणून लागते. म्हणून कुणी पडलं तर ‘आधी घरी नेऊ, हळद लावू’ नको, सरळ हॉस्पिटल, आणि केसपेपरवर ‘झाडावरून पडला’ असंच लिहून घ्यायचं.

यात हाडं मोडून तीन महिने घरी बसलात तर काही मिळत नाही, त्यासाठी मिस्टरांच्या नावावर पर्सनल ॲक्सिडेंट पॉलिसी काढा आणि आठवड्याची भरपाई त्यात घ्या. धंदा खरा लिहा, दुकानदार वगैरे नको.

त्या दोन मुलांचं वेगळं. रोजावर असली तरी कामावर असताना त्यांना काही झालं तर भरपाई मालकाने द्यायची, आणि कायद्याच्या नजरेत मालक म्हणजे तुमचे मिस्टर. हिशोब कसा होतो बघा: महिना पगार 15,000 पर्यंतच धरतात, त्याचा निम्मा गुणिले वयाचा आकडा, तिशीच्या मुलासाठी तो 207.98. म्हणजे मृत्यू झाला तर 15,59,850 रुपये. एवढे कुठून आणणार? त्यासाठीच लोक जिला वर्कमेन कॉम्पेन्सेशन म्हणतात ती पॉलिसी असते, त्यात उपचाराचा खर्च जोडून घ्या, तो बऱ्याचदा वेगळा मागावा लागतो. माणसं आणि मजुरी कमी दाखवून प्रीमियम वाचवू नका. मिस्टर स्वतः यात येत नाहीत, ते मालक, म्हणून त्यांचं वर सांगितलेलं वेगळं हवंच.

दादर आणि बोरिवलीच्या पत्रांत हार्नेस आणि विजेच्या तारेबद्दल विचारलंय, त्यांना थोडक्यात: हार्नेस, म्हणजे पडताना धरून ठेवणारा अंगावरचा पट्टा, एकदा माणसाचा झटका झेलला की परत वापरायचा नाही, दिसायला धडधाकट असला तरी. विकत घेताना त्यावर आयएस 3521 हा भारतीय मानकाचा नंबर छापलाय का बघा. विजेची तार फांदीला लागत असेल तर वीज कंपनीला सांगून लाइन बंद करून घ्या, शहरात बेस्ट, उपनगरात बिलावर जिचं नाव असेल ती, आणि ‘बंद केली’ असं त्यांच्या माणसाने जागेवर येऊन सांगितल्यावरच चढा, सोसायटीच्या वॉचमनने सांगितल्यावर नाही.