पहिल्या केमोआधी एवढं करून ठेवा ताई

ताई, बाबांची पहिली केमो सोमवारी आहे म्हणता, घाबरू नका जी, उलटीवर आता चांगली औषधं आहेत. आईच्या सहा केमो मी सांभाळल्या म्हणून सांगते, सगळ्यात मोठी चूक म्हणजे मळमळ सुरू व्हायची वाट पाहून मग गोळी देणं. मीही तेच केलं, दुसऱ्या दिवशी आई बरी दिसली म्हणून गोळी दिलीच नाही अन् रात्रभर मांडीवर टब धरून बसलो आम्ही. त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही येतो, म्हणून ऑन्डान्सेट्रॉन, ॲप्रेपिटंट जे लिहून दिलं असेल ते अलार्म लावून वेळेवरच द्या. ऑन्डान्सेट्रॉननं पोट साफ होत नाही, त्याचं औषध आधीच विचारून ठेवा.

खाणं थोडं थोडं. तर्री-पोहे सध्या राहू द्या, फोडणीचा वासही नको, आईला कोमट मुगाची खिचडी अन् मुरमुरे चालायचे. आपल्या नागपूरच्या उन्हात पाणी घोट घोट चालूच ठेवा.

गोळी लगेच उलटून पडली तर मनानं दुसरी देऊ नका, फोन करून विचारा. अन् पाणीही टिकत नसेल किंवा ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा, नंबर आजच फ्रीजवर चिकटवा.